भोरड्या यंदा पाडव्याआधीच गायब झाल्या, ऊन लवकर लागलं म्हणून का?

आखाड्यावरला (परभणी)

राम राम मंडळी. मी शेती करणारा माणूस, पक्ष्यांचा अभ्यास बिभ्यास काही नाही, तरी एक गोष्ट चार दिवसांपासून डोक्यातून जाईना म्हणून विचारायलो. आमच्याकडं ज्वारी हुरड्यावर आली की भोरड्या येतात. येतात म्हणजे काय, एक थवा धुऱ्यावरच्या बाभळीतून उठला की कडब्यावर पाऊस पडल्यासारखा सळसळ आवाज होतो आन दहा मिनिटात चार तासं साफ. लहानपणापासून थंडीत सकाळी सहाला मचाणावर उभं राहून गोफण फिरवायची, डबडं वाजवायचं, हात ठणकेपर्यंत. तेव्हा ह्या पाखराशी आपलं काही लाडाचं नातं नाही हे आधीच सांगून टाकतो.

पण यंदा एक वेगळंच झालं. शिमगा व्हायच्या आतच ऊन ४० च्या घरात गेलं, दुपारी आखाड्यावर पत्र्याखाली बसवत नव्हतं. मंग गेल्या आठवड्यात संध्याकाळी वादळ आलं, गार पडली बोराएवढी, उरलासुरला गहू लोळला. आन त्या दिवसापासून शिवारात एक बी भोरडी नाही. एक बी नाही म्हणजे खरंच नाही. दरवर्षी ज्वारी काढली तरी थोड्याफार असायच्या, पळसावर कालवा करायच्या.

आमचे अण्णा म्हणतात भोरडी गुढी बघितल्याबिगर जात नसते, आता पाडव्याला अजून वेळ आहे, हे काही बरं लक्षण नाही. शेजारचे म्हणायलेत गारीनं मेल्या सगळ्या. पोरगा म्हणतो ग्लोबल वॉर्मिंग. आता ह्यातलं खरं काय? उन्हाळा लवकर लागला की ही बाहेरून आलेली पाखरं लवकर परत जातात का? आन तसं असंल तर गावच्या तळ्यावर बदकं अजून निवांत पोहायलेत, त्यांला ऊन लागत नाही का? कुणाला माहिती असंल तर सांगा, गूगलवर सगळं विलायतेतलं येतंय, तिकडं वसंतात पाखरं येतात म्हणे आन इकडं तर जातात.

नाथसागर फेरी (छ. संभाजीनगर)

दादा प्रश्न एक नंबर आहे, आणि शेवटची ओळ तर फारच भारी, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. वसंतात पक्षी "परत येतात" हे त्या लोकांच्या बाजूने. आपण त्यांच्या हिवाळ्यातल्या बिऱ्हाडाच्या टोकाला आहोत, आपल्याकडून ते निघतात. त्यामुळे तिकडची माहिती इथे जशीच्या तशी लावली की उलटं होतं.

आता भोरडी. पुस्तकात हिला पळसमैना पण म्हणतात, कारण तुम्ही म्हणालात तसं पळस फुलला की त्याच्यावर तुटून पडते. हिचं घर म्हणजे अंडी घालायची जागा पार कझाकस्तान, तुर्कस्तान, युक्रेन, रोमानिया तिकडच्या माळरानांवर, आणि पूर्वेला चीनच्या शिनजियांगपर्यंत. तिथे दगडांच्या ढिगात, कपारीत हजारोंनी एकत्र घरटी करतात आणि पिल्लांना नाकतोडे, टोळ खाऊ घालतात. शिनजियांगमधे तर टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून मुद्दाम दगडविटांचे ढीग रचून ठेवलेत यांच्यासाठी. तुम्ही गोफण मारता आणि तिकडे घर बांधून देतात, काय म्हणावं!

हे सगळं तिकडे दोन-अडीच महिन्यात उरकून परत. तुम्हाला ती हुरड्याला दिसते पण ती तुमच्या भागात पोळ्याच्या आसपासच पोचलेली असते, काही थवे तर जुलैअखेर येतात. आणि जाते एप्रिलच्या मध्यापर्यंत. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने ती इथलीच. पाहुणी कुणाला म्हणायचं हा पण प्रश्नच आहे.

मुद्द्याचं. पक्ष्याला "आता निघायचं" हे मुख्यतः उन्हाची गरमी सांगत नाही, दिवसाची लांबी सांगते. परभणीत डिसेंबरात दिवस साधारण ११ तासांचा, जूनमधे सव्वातेराच्या आसपास. हा जो दिवस रोज थोडाथोडा वाढतो तो त्यांच्या मेंदूला कळतो आणि त्यावर शरीर बदलायला लागतं, खाणं वाढतं, कातडीखाली चरबी साठते, वीण जवळ आल्याचे हार्मोन सुरू होतात. आपल्या ज्वारी-गव्हात येणारे ते काळ्या डोक्याचे पिवळे भारीट असतात ना, त्यांच्यावर आपल्याच देशात प्रयोगशाळेत खूप काम झालंय. पिंजऱ्यातल्या भारिटाला दिव्याने दिवस लांब करून दाखवला तर बाहेर हिवाळा असला तरी तो खाऊन खाऊन दीडपट जड होतो आणि रात्रभर पिंजऱ्यात फडफड करतो, म्हणजे निघायची घाई. बाहेर ऊन किती, पाऊस किती, त्याला काही माहिती नाही, तरी.

म्हणून अण्णांचं म्हणणं अर्धं बरोबर. भोरडी ठरल्या वेळी जाते हे खरं, पण तिच्याकडे पंचांग नाही. पाडवा २०२३ ला २२ मार्चला आला आणि २०२४ ला ९ एप्रिलला, अधिक महिन्यामुळे अठरा दिवस इकडचे तिकडे. भोरडी सूर्य बघते, तिथी नाही. ज्या वर्षी पाडवा उशिरा त्या वर्षी ती गुढी बघून गेली असं वाटणार, लवकर असला तर गुढीनंतर पण महिनाभर इथेच.

मग तुमच्या गेल्या कुठे? माझं मत, गेल्याच नाहीत. तुमच्या शिवारातून गेल्या. शिवारातून जाणं आणि देशातून जाणं यात फरक आहे, आणि आपण सगळेच इथे चुकतो, मी पण वर्षानुवर्षं चुकलोय. ज्वारी काढली, हरभरा उपटला, पळसाची फुलं वादळात झडली, आता तुमच्याकडे त्यांना खायला आहे काय? जिथे वड-पिंपळ-उंबर पिकलेत, पांगारा फुललाय, तिथे सरकल्या असतील, दहा-वीस किलोमीटर म्हणजे यांना काहीच नाही. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आधी अर्धा तास आभाळाकडे बघा, थवे एकाच दिशेने जाताना दिसले तर त्या दिशेला पाण्याजवळ रातथारा असणार.

टॉवरग्रस्त

सगळे उगं फिरवून फिरवून सांगायलेत. चिमण्या गेल्या, भोरड्या गेल्या, कारण एकच, ५जी. आमच्या गावात टॉवर आला आन पाखरू दिसंना.

वाऱ्यावरची वरात (लातूर)

टॉवरग्रस्त भाऊ, आमच्या गावच्या टॉवरवर घारीनं घरटं केलंय, पिल्लं बी निघाली गेल्या वर्षी. असो.

मला हवामानाचं वेड आहे, पक्ष्यांचं कमी कळतं, पण वर फेरीवाल्या सरांनी ऊन-पावसाला अगदीच बाजूला टाकल्यासारखं वाटलं म्हणून लिहितोय. दिवसाची लांबी महिना ठरवत असेल, मान्य, पण दिवस कोण ठरवतं? तो वाराच ठरवतो. एसटीचं वेळापत्रक महामंडळ लावतं पण गाडी सुटायची का नाही हे ड्रायव्हर आभाळ बघून ठरवतो तसं धरा.

मार्च-एप्रिलमधे आपल्याकडं काय होतं बघा, वरून पश्चिमेकडून कोरडी थंड हवा येत असते आणि खालून बंगालच्या उपसागराकडून दमट वारं घुसतं, ही दोन्ही मराठवाडा-विदर्भाच्या डोक्यावर भेटतात, दिवसभर जमीन तापलेली असतेच, मग दुपारी तीन-चारनंतर ढग उभे वाढायला लागतात, दहा-बारा किलोमीटर उंच, आणि त्याच्यातून गारा. तुमच्याकडं झालं ते हेच. शिवाय तिकडं वायव्येला एकामागं एक पश्चिमी विक्षोभ येत असतात, म्हणजे वेस्टर्न डिस्टर्बन्स, पश्चिमेकडून सरकत येणारी वादळी हवा, त्यानं राजस्थान, पाकिस्तान, अफगाणिस्तान ह्या पट्ट्यात ढग, धुळीची वादळं, डोंगरात बर्फ. आता ह्या भोरड्यांना जायचंय कुठं, त्याच वायव्येला. आणि ह्या दिवसात आपल्याकडचा वारा पण बराचसा पश्चिम-वायव्येचाच, म्हणजे सरळ तोंडावर. मुठीएवढं पाखरू, साठवलेल्या चरबीवर चाललंय, तोंडावर वारा घेऊन निघालं तर अर्ध्या वाटेत डिझेल संपणार. म्हणून ते थांबतात. वारा पडला, आभाळ मोकळं झालं, की मग एकदम सगळे. हवेचा दाब उतरलेला पक्ष्यांना कळतो, वादळाआधी ते अधाशासारखं खातात, हे तर तुम्ही शेतात बघितलंच असेल.

म्हणजे ऊन लवकर लागलं म्हणून महिनाभर आधी गेल्या असं होणार नाही, पण वादळी आठवडे लागले तर पाच-आठ दिवस पुढं-मागं सहज होईल.

आणि गारीनं मेल्या हे शेजाऱ्याचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. २०१४ ला फेब्रुवारी-मार्चमधे जी गारपीट झाली, मराठवाड्यात कोण विसरलंय, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वेशीजवळच्या चिंचेखाली मी स्वतः बगळे, साळुंक्या, पोपट उचललेत. टोपली भरून. एका बगळ्याचा पंख असा उलटा झालेला आणि चोचीत अजून मासोळी. भोरड्या हजारोंनी एकाच ठिकाणी झोपतात, रात्री तिथंच गार पडली तर काय होईल विचार करा. पण मग झाडाखाली पिसं, मेलेली पाखरं दिसणार, कुत्री येणार, वास येणार. परभणीकर दादा, असलं काही दिसलं का?

आखाड्यावरला (परभणी)

नाही हो, तसलं काही दिसलं नाही. दोन साळुंक्या आन एक व्हला मेलेला होता विहिरीजवळ, बस. भोरडीचं पीस बी नाही. म्हणजे मेल्या नाहीत एवढं तरी झालं. (अण्णांना पंचांगाचं वाचून दाखवलं तर म्हणले सूर्य बी पंचांगातच आहे की. आता काय बोलायचं.)

गाळपेरवाला (पैठण)

बदकांचं मी सांगतो, आमचा जन्म नाथसागराच्या काठाला गेला. धरण १९७६ ला भरलं, अभयारण्य १९८६ ला झालं, आमच्या वडिलांनी दोन्ही बघितलं.

बदकाला उन्हाचं काही नसतं, त्याला पाण्याचं असतं. पाणी हाय तोवर बसतंय. आवर्तन सुटलं की जलाशय उतरतो, काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो, त्याच्यात किडे, शिंपल्या, मंग चिखल्या, तुतवार असली लांब पायाची पाखरं दाटी करतात. परतीच्या आधी ती ह्याच चिखलावर माजतात, मार्चमधलं एखादं बघा, गोल गरगरीत. फ्लेमिंगो तर उलट पाणी उतरलं की वाढत जातात आमच्याकडं, ऐन उन्हाळ्यात बी असतात. पण चिखल उघडा पडला की आम्ही बी गाळपेर करायला तिथंच उतरतो, पंप येतात, ट्रॅक्टर येतो, मंग ती उठतात. पाखरं लवकर गेली म्हणून बोंब होते, आन ऊन-वाऱ्याच्या नावावर खपतं. मी गाळपेर करणारा असून सांगतो.

राजहंस, ते डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, मार्चमधे जातात. एका रात्री आवाज येतो, आँग आँग करत वरून, चांदणं असलं तर रांग दिसती. सकाळी पाणी मोकळं. दरवर्षी वाटतं अजून दोन दिवस थांबतील.

नाथसागर फेरी (छ. संभाजीनगर)

गाळपेरवाले भाऊ, नमस्कार तुम्हाला. हे लिहायला धाडस लागतं.

आणि तुमच्या राजहंसांचं, म्हणजे पट्टेरी डोक्याच्या हंसांचं, ते रात्री जातात यामागे पण हवाच आहे. यांना हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जायचं असतं. त्यांच्यावर यंत्रं बसवून पाठलाग केला तेव्हा एक हंस ७२९० मीटरवर नोंदला गेला. आधी शास्त्रज्ञांना वाटायचं की दिवसा डोंगराच्या उतारावरून वर चढणारा वारा असतो, त्याच्यावर आरूढ होऊन हे जात असतील. २०११ साली निष्कर्ष छापून आला तर उलटंच निघालं. फुकटचा वारा सोडून हे रात्री आणि पहाटे चढतात, सात-आठ तासात डोंगर पार. कारण रात्रीची हवा थंड, थंड म्हणून दाट, दाट हवेत पंखाला जोर मिळतो, श्वासाला ऑक्सिजन जास्त, आणि वादळवाऱ्याचा त्रास कमी. आपण नाही का उन्हाळ्यात लग्नाला जायचं तर पहाटे चारला निघतो.

लातूरकर, तुमचं मान्य. मी हवेला बाजूला टाकलं नव्हतं पण लिहिताना तसं झालं खरं.

फळ्यावरची (माजलगाव)

मी शिक्षिका आहे, उशिरा आले धाग्यावर, पण एक सांगावंसं वाटलं. आमच्या शाळेच्या हापशाजवळ थंडीत पांढरा धोबी येतो, शेपूट वरखाली करत ओलाव्यातले किडे वेचत असतो. पोरांनी त्याचं नाव "पाणीवाला मास्तर" ठेवलंय. चार वर्षांपूर्वी एका पोरानं विचारलं मॅडम हा सुट्टीत कुठं जातो, तेव्हापासून वर्गातल्या कॅलेंडरवर आम्ही खूण करतो. पहिल्यांदा दिसला त्या दिवशी निळी, शेवटचा दिसला त्या दिवशी लाल. माळपाकोळ्यांचं पण तसंच, त्या तर मार्चमधे तारेवर रांगेनं बसतात, परेडला उभ्या केल्यासारख्या, मग रोज रांग लहान होत जाते.

यात एक मजेशीर अडचण आली ती सांगते. पहिल्या वर्षी आम्ही फक्त दिसला की खूण करायचो. मग शेवटचा दिवस कोणता? शुक्रवारी दिसला, शनिवारी अर्धी शाळा, रविवारी सुट्टी, सोमवारी कुणी बघितलंच नाही. म्हणजे धोबी शुक्रवारी गेला का आमचं लक्ष शुक्रवारी गेलं? तेव्हापासून नियम केला, बघितलं आणि नव्हता तर गोल शून्य काढायचं. बघितलंच नाही तर घर रिकामं सोडायचं. पोरांना हे शून्य काढायला जाम आवडतं, आता तर हजेरीसारखी भांडणं होतात त्याच्यावरून.

या चार वर्षांत धोब्याची लाल खूण फार हललेली नाही, चार-सहा दिवस इकडंतिकडं. तळ्यातल्या बदकांची मात्र कुठल्या कुठं जाते, ज्या वर्षी तळं फेब्रुवारीत आटलं त्या वर्षी फेब्रुवारीतच. म्हणजे फेरीवाले सर आणि पैठणचे भाऊ दोघंही बरोबर आहेत असं आमच्या सातवीच्या वर्गाचं मत.

सर, एक विचारायचं होतं. इथून निघताना त्यांना तिकडचं हवामान कसं कळतं? तिकडं यंदा थंडी लांबली, किंवा वसंत लवकर आला, तर?

नाथसागर फेरी (छ. संभाजीनगर)

मॅडम, ते शून्य काढायचं फार कमी लोकांना सुचतं. ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवर, पण यादी "पूर्ण" आहे का विचारतात ते याच्यासाठीच, न दिसणं हीसुद्धा नोंद आहे. २००७ मधे मायग्रंटवॉच म्हणून उपक्रम सुरू झाला होता आपल्या देशात, लोकांनी पहिली-शेवटची तारीख कळवायची, त्यातही हीच अडचण होती. त्याच्या नोंदी पुढे ई-बर्डमधे गेल्या. तुमच्या चार वर्षांच्या खुणा तिथे टाका खरंच, मराठवाड्यातून मार्च-एप्रिलच्या नोंदी फार थोड्या आहेत, सगळे डिसेंबरात कॅमेरे घेऊन येतात आणि ऊन लागलं की घरी.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, कळत नाही. हीच तर सगळ्यात मोठी गोची आहे. माजलगावात बसलेल्या धोब्याला सैबेरियातला बर्फ वितळला का हे कळायचा मार्ग नाही. तो दिवसाच्या लांबीवर भरवसा ठेवून निघतो, कारण हजारो वर्षं या लांबीला तिकडे अमुक हवा असते हे जुळत आलंय. पुढे वाटेत जसजसं जवळ पोचेल तसं हवा बघून वेग कमी-जास्त करतो, थांबतो, थोडं मागे पण फिरतो. पण सुरुवात आंधळी.

आता तिकडचा वसंत लवकर यायला लागला तर काय होतं याचं नेदरलँड्समधलं उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथे एक काळापांढरा छोटा माशीमार पक्षी आहे, हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो. तिकडे झाडावरच्या अळ्या गरमीमुळे आधी निघायला लागल्या, पण हा आफ्रिकेतून जुन्याच तारखेला निघत राहिला. पोचेपर्यंत पंगत उठलेली. जिथे अळ्यांचा हंगाम सगळ्यात आधी येतो तिथे वीस वर्षांत त्याची संख्या नव्वद टक्क्यांनी घटली, २००६ ला छापून आलं हे. जवळच्या अंतरावरचे पक्षी सावरून घेतात, कारण तिकडची हवा त्यांना जवळूनच कळते. लांबवरून येणारे फसतात.

भोरडी जरा चलाख आहे यात. तिला एकाच गावाला जायचं बंधन नाही, टोळ जिकडे निघाले तिकडे वस्ती टाकते, एखाद्या वर्षी नेहमीची हद्द सोडून पार हंगेरीपर्यंत जाते. फडातल्या कामगारांसारखं, जिथे ऊस तिथे कोपी. म्हणून तिची मला तितकी काळजी वाटत नाही. हट्टी पक्ष्यांची वाटते.

वाऱ्यावरची वरात (लातूर)

मधेच एक, आपल्याकडं येणारं पण आहे की वाऱ्यावर. चातक. तो आफ्रिकेतून अरबी समुद्रावरून नैऋत्येच्या वाऱ्यासोबत येतो म्हणतात, २०२० मधे भारतीय वन्यजीव संस्थेनं दोन चातकांना ट्रान्समीटर लावले होते, नावं पण चातक आणि मेघ. आमची आजी चातक ओरडला की बियाणं बाहेर काढायची, वेधशाळेपेक्षा तिचा त्याच्यावर भरवसा जास्त.

टॉवरग्रस्त

घारीचं ठीक आहे पण चिमण्यांचं सांगा.

फळ्यावरची (माजलगाव)

चिमण्यांचं वेगळं काढा हो धागा, इथं नको.

आखाड्यावरला (परभणी)

मंडळी, मधे काढणीची गडबड होती म्हणून इतके दिवस लिहिणं झालं नाही. आता सविस्तर सांगतो.

फेरीवाल्या सरांनी सांगितलं तसं दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आखाड्यावर खाट टाकून वर बघत बसलो. सालगडी म्हणला मालक गारीनं डोक्यावर परिणाम झाला का. साडेसहाच्या सुमाराला एक थवा गेला उंचावरून, पूर्वेला. मंग अजून एक, मंग एक मोठा. सगळे पूर्वेला. तिसऱ्या दिवशी अण्णांना गाडीवर मागं बसवलं आन गेलो त्या दिशेनं, विचारत विचारत. तीन गावं सोडून एक पाझर तलाव आहे, पाणी आटत आलेलं, पण कडंनी पाणकणसाचं रान माजलेलं. तिथं.

काय सांगू. आधी एक ढग आल्यासारखं, मंग दुसरा, सगळे एकमेकात मिसळून वर जायलेत, खाली यायलेत, मधेच चपटे होयलेत, मधेच गोळा. एक शिक्रा घुसला तर मधोमध भोक पडलं आन लगेच बुजलं. मंग एकदम पिशवी उपडी केल्यासारखं सगळं त्या पाणकणसात, आन जो कालवा सुरू झाला तो अंधार पडेपर्यंत. अण्णा नुसते बघत उभे. आयुष्यभर ज्यांना धोंडे मारले ती पाखरं झोपताना पहिल्यांदा बघितली म्हणले.

जवळ बांधावर थोडी उशिरा आलेली बसली होती, दहा-पंधरा फुटावर. आमच्या ज्वारीत असतात तेव्हा ती मळकट दिसतात, राखेत लोळल्यासारखी. आता डोकं, पंख, शेपूट काळं कुळकुळीत, जांभळी झाक मारणारं, आन अंग असं गुलाबी की नवरीच्या शालूत बी बघायला मिळणार नाही. चोच बी गुलाबी. तीच पाखरं आहेत का दुसरी हे मला कळंना. सर, रंग लावून जातात का काय ही?

तिथनं पुढं मॅडमसारखं शून्याचं धोरण धरलं. रोज जाणं काही जमत नाही, पण तलावाच्या कडंला एक मेंढरंवाला पाल टाकून आहे, त्याला सांगून ठेवलं, रोज संध्याकाळी फोन करतो तो. पाडवा झाला, गुढ्या उतरल्या, तरी भोरड्या होत्याच. थोड्या थोड्या कमी व्हायल्या होत्या एवढंच. मंग १६ एप्रिलला संध्याकाळी मी स्वतः होतो, चांगल्या हजारभर असतील. १७ ला संध्याकाळी मेंढरंवाल्याचा फोन, मालक आज कुणी आलंच नाही. १८ ला बी शून्य. १९ ला बी शून्य.

नाथसागर फेरी (छ. संभाजीनगर)

दादा, हे वाचून मी ऑफिसात हसत बसलोय. रंग लावत नाहीत, उलट खरवडतात. पावसाळ्यानंतर नवीन पिसं येतात त्यांची टोकं मातकट असतात, हिवाळाभर घासून घासून ती टोकं झिजतात आणि आतला खरा रंग उघडा पडतो. बरोब्बर निघायच्या वेळेला. तुमच्या ज्वारीच्या कणसांनीही थोडं घासलं असेलच.

आता एकच सांगा, १६ ची रात्र आणि १७ ची सकाळ, वारा कसा होता? लातूरकर वाट बघत असणार.

वाऱ्यावरची वरात (लातूर)

बघतोयच.

आखाड्यावरला (परभणी)

१४, १५ आन १६ ला दुपारी नुसत्या वावटळी, कडब्याच्या गंजीवरची ताडपत्री दोनदा उडाली, दगड ठेवून ठेवून दमलो. १६ ला रात्री खाटेवर पडलो तर पान हलंना, इतकं उकडायलं होतं की अण्णा उठून बाहेर येऊन बसले. सकाळी ताडपत्री जशीच्या तशी, आभाळ निरभ्र.